निवाऱ्याचे दार आणि सरकारी कागद

२००० सालच्या पावसाळ्यातली ही घटना आहे. आम्ही त्या वेळी एका खेड्यातील धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. रात्री साडेदहाच्या सुमारास धर्मगुरुनिवासाची घंटा वाजली. दारात आमच्याच चर्चमधील एक विवाहिता उभी होती. कडेवर दीड वर्षाचे मूल, कपाळावर ओली जखम. "फादर, आजची रात्र कुठंतरी ठेवा," एवढेच ती म्हणाली. आम्ही दोन ठिकाणी दूरध्वनी केले. धर्मभगिनींचे वसतिगृह नोकरी करणाऱ्या मुलींसाठी होते. तेथे मुलासह स्त्रीला प्रवेश नव्हता. जिल्ह्याच्या गावी असलेल्या सरकारी महिलागृहातून उत्तर आले, "पोलिसांचा नाहीतर कोर्टाचा कागद असेल, तर उद्या पाठवा." ती रात्र तिने आमच्या दवाखान्यातील बाकावर काढली. सकाळी नवरा आला, त्याने चार माणसांदेखत हात जोडले आणि आम्ही तिला समजावून परत पाठवले.

१९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वा नियम आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. जोडीदारामुळे आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल, तर दुसऱ्याला वेगळे राहण्याचे रास्त कारण मिळते. विलंब घातक ठरणार असेल, तर बिशपांच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या अधिकारातही तसे करता येते. परीक्षेत आम्ही त्यावर उत्तर लिहिले होते. त्या सकाळी मात्र तो आठवला नाही. ती पुन्हा कधी आमच्या दाराशी आली नाही आणि संसार सावरला असेल, असा सोयीचा अर्थ आम्ही लावून घेतला.

आमच्या चुकीचे खापर आम्ही दुसऱ्या कोणावर फोडीत नाही. परंतु 'कागद आणा' हे उत्तर मनात रुतून बसले. मार खाऊन आलेल्या स्त्रीकडे निवारा कागद का मागतो? हे समजून घ्यायचे तर वाचकांना आमच्याबरोबर बरेच मागे यावे लागेल.

नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंसमोर १८८७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने दोनच वाटा ठेवल्या होत्या : नवऱ्याचे घर, नाहीतर सहा महिने तुरुंग. सरकारला घराबाहेरच्या स्त्रीसाठी तिसरी जागा ठाऊकच नव्हती. ती जागा खाजगी माणसांनी उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत मुख्यतः विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. खर्च बॉस्टनची रमाबाई असोसिएशन चालवी. तेथील सभासदांनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे कबूल केले होते. देखरेखीस येथील सल्लागार मंडळ होते, त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे होती. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून त्यांनी अंग काढून घेतले.

आपण ख्रिस्ती लोक ही कथा सांगताना रमाबाईंच्या धैर्यावर भर देतो आणि ते योग्यच आहे. तरीही, आधार शोधीत आलेल्या मुलीवर चालकांचा प्रभाव किती पडतो व त्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हा रानडे-भांडारकरांच्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न गैरलागू नव्हता, असे आम्हांला आता वाटते. पैसा बॉस्टनचा, शंका पुण्याची. त्या साऱ्या गदारोळात सदनात राहणाऱ्या मुलींचा स्वतःचा आवाज मात्र फारसा ऐकू येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार या क्षेत्रात उतरले, ते निराळ्याच वाटेने. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध १९५० साली न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि १९५६ साली संसदेने लागोपाठ दोन कायदे केले. एक अनैतिक व्यापाराला आळा घालणारा, दुसरा स्त्रिया व मुलांच्या संस्थांना परवाना सक्तीचा करणारा. पहिल्याने 'संरक्षणगृहे' आणली. तेथे स्त्री मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने येई आणि हुकमानेच बाहेर पडे. साहजिकच अधीक्षिकेला कागद लागे. कागदाशिवाय आत घेतलेली बाई हा तिच्या नोकरीला धोका होता. छळामुळे घर सोडलेल्या स्त्रियांसाठी पुढे सरकारी गृहे उघडली, तेव्हा हीच भाषा तेथे उतरली. 'दाखल करणे', 'ताब्यात देणे', 'सोडणे' ही क्रियापदे पाहा. ती तुरुंगातून आलेली आहेत. आम्हांला मिळालेल्या उत्तराची मुळे येथे आहेत.

अशा गृहांत काय चालते, हे १९८१ साली देशापुढे आले. आग्ऱ्याच्या संरक्षणगृहातील दुरवस्थेची बातमी वाचून उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या दोन प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि जिल्हा न्यायाधीशांना गृहाची पाहणी करून अहवाल पाठवण्यास सांगितले. सरकारच्या घरावर न्यायालयाचा डोळा ठेवावा लागला.

मदतीचा इतिहास त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. १९६९ साली अल्पमुदती निवासांची केंद्रीय योजना आली, २००१-०२ साली 'स्वाधार'. दरम्यान १९८३ साली छळ करणाऱ्या नवऱ्याला शिक्षा देणारे ४९८-अ कलम आले. पण तक्रार नोंदवून आलेल्या बाईने त्या रात्री झोपायचे कोठे, हे कलम सांगत नव्हते. १९९१ च्या सुमारास पुण्यात एका गरोदर स्त्रीने सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे आसरा मागितला. उद्या काही तजवीज करू, असे सिस्टर म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. त्या वेदनेतून १९९७ साली वढू बुद्रुक येथे 'माहेर' उभे राहिले. सिस्टरांनी त्या 'उद्या'चे घर बांधले. आम्ही मात्र आमची रात्र विसरण्याच्या मागे होतो.

पहिली खरी फूट पडली ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे पीडित स्त्रीने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने, विनंती केली की निवारागृहाच्या प्रमुखाने आसरा दिलाच पाहिजे. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेले नियम तर आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. हिंसेचा अहवाल नोंदवलेला नाही, एवढ्यावरून तिला नाकारता येणार नाही. तिची इच्छा असेल तर ती तेथे आहे हे नवऱ्याला कळू द्यायचे नाही. निवारागृह चालवणाऱ्या संस्थेची नोंदणी करण्यापूर्वी अधिकाऱ्याने जागा किती जणींची, ती सुरक्षित आहे का, हे पाहायचे. आणि राहणाऱ्या स्त्रियांना वापरता येईल असा चालू दूरध्वनी आहे का, तेही. इतक्या वर्षांत प्रथमच तपासणीचा रोख आतल्या बाईवरून चालकांकडे वळला, तो या दूरध्वनीच्या कलमात.

नियम झाले म्हणजे सारे झाले असे नाही. 'स्वाधार गृह' योजनेत कौटुंबिक हिंसाचाराने पीडित स्त्रीला एक वर्ष राहता येई, इतर स्त्रियांना तीन वर्षे. हा भेद कोणत्या हिशेबाने केला, ते आम्हांला आजवर उमगलेले नाही. बहुधा ती अखेर घरीच परत जाणार, असे गृहीत धरले असावे. २०१५ पासून सुरू झालेल्या 'सखी' केंद्रांत निवारा पाच दिवसांपुरता. अनुदान उशिरा येते, ही तक्रार तर संस्थाचालकांच्या तोंडून आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. वाण्याची उधारी थकली की स्वयंपाकघर आखडते आणि मग तपासणीस आलेल्या साहेबांना रुजू करणे, हेच संस्थेचे मुख्य काम होऊन बसते.

२०१८ साली बिहारमध्ये त्याची किंमत दिसली. राज्य सरकारच्या सांगण्यावरून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने ११० संस्थांची पाहणी केली. मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातील अत्याचार त्यातून उघडकीस आले. काही अल्पमुदती निवासांविषयीही गंभीर शेरे होते. मुझफ्फरपूरच्या गृहाला सरकारी पैसा मिळत होता, अधिकारी येऊन जात होते. फरक एवढाच की, या पथकाने आत राहणाऱ्यांशी बोलून पाहिले.

ती बातमी वाचली तेव्हा आम्हांला एका महिलागृहातील नाताळची भेट आठवली. केक वाटून झाल्यावर अधीक्षिकाबाईंनी शेरेबुक पुढे केले. 'स्वच्छता व व्यवस्था उत्तम', असे लिहून आम्ही सही केली. तेथील एकाही स्त्रीशी आम्ही बोललो नव्हतो.

२०२२ साली 'स्वाधार गृह' व 'उज्ज्वला' या योजना एकत्र करून 'शक्ती सदन' असे नाव दिले गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जेथे संरक्षण अधिकारी नेमलेले नाहीत तेथे ते सहा आठवड्यांत नेमावेत, असा आदेश राज्यांना दिला. कायदा होऊन वीस वर्षे होत आली असता असा आदेश द्यावा लागला, यावरून काय समजायचे ते वाचकांनीच समजून घ्यावे.

आदेशानंतर आम्ही आमच्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक मिळवला आणि चर्चच्या सूचनाफलकावर, मिस्सांच्या वेळापत्रकाखाली लावला. विवाहितांच्या मेळाव्यात आता तो नियम क्रमांक ११५३ ही समजावून सांगतो. एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थांनी आक्षेप घेतला, "फादर, यानं संसार मोडतील." आम्ही त्यांना २००० सालची ती रात्र सांगितली. कागद अजून फलकावर आहे.