इन्फ्लुएन्झा आणि संशय : मुंबई, १९१८

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत नवा ताप पसरला, तेव्हा तो कोठून आला याविषयी खुद्द अधिकाऱ्यांतच एकमत नव्हते. १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी मेअखेरीस बंदरात आलेल्या सैनिकी जहाजाकडे बोट दाखविले. उलट, खलाशांनाच शहरात लागण झाली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. बंदर एकाच्या अखत्यारीत, शहर दुसऱ्याच्या; वादाचे एक मूळ येथेही असावे. ‘स्पॅनिश’ हे नाव तर निव्वळ योगायोगाचे. महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रे साथीविषयी मोकळेपणाने लिहीत होती, एवढेच.

लोकांच्या शंकेला मात्र जुना इतिहास होता. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरझडत्या, रुग्णांना सक्तीने हलविणे आणि २२ जून रोजी रँडवर झाडल्या गेलेल्या गोळ्या या गोष्टी जनता विसरली नव्हती. सरकारही विसरले नसावे. १९१८ मध्ये तशी सक्ती झाली नाही, याचा अर्थ या स्मृतीवाचून लावणे कठीण आहे.

सप्टेंबरपासूनची दुसरी लाट फार घातक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रुग्णालयाविषयी अढी असलेल्या वस्त्यांत औषध व शुश्रूषा पोहोचविण्याचे काम तेव्हा मोठ्या प्रमाणावर सोशल सर्व्हिस लीग आणि निरनिराळ्या जातीजमातींच्या संस्थांनी केले.