आध्यात्मिक बुद्धिमत्ता प्रशिक्षण, प्रसाविकांचे

प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या प्रसाविकांवरचा ताण हलका व्हावा म्हणून घेतले जाणारे गटप्रशिक्षण. आपल्या कामाचा अर्थ शोधणे, मनात काय चालले आहे ते सजगपणे पाहणे आणि दुःख-अपयश सोसण्याचे बळ मिळवणे, यांवर त्यात भर असतो. या विषयावर इराणमध्ये विशेष संशोधन झाले आहे.

‘आध्यात्मिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना डॅना झोहार आणि इयन मार्शल यांच्या २००० सालच्या पुस्तकाने सर्वदूर पोहोचली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स यांनी तिची बाजू मांडली, तर बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी तिला बुद्धिमत्ता म्हणण्यास हरकत घेतली. हा वाद अजून मिटलेला नाही. मोजमापासाठी कॅनडातील डेव्हिड किंग यांची २४ विधानांची प्रश्नावली पुष्कळदा वापरतात. तिची उत्तरे प्रसाविका स्वतःच देते. त्यामुळे तिची स्वतःविषयीची समजूत तेवढी नोंदली जाते, हे निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

प्रसाविकेला एकाच वेळी दोन जीव सांभाळायचे असतात. कळा जोर धरू लागल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावर, मांडायचे. बाई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी ऐकायचे. अशा दोघीतिघी एकदम असताना एखादीला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर बाकीच्यांकडे कोण बघणार? मूल मृत जन्मले तर त्या आईचा हात धरून बसायलाही तिला उसंत नसते. शेजारच्या टेबलावरची बाई कण्हत असते. हे दुःख प्रसाविका तसेच घरी घेऊन जाते.

हे संशोधन जिथे विशेष झाले त्या इराणमध्ये सुमारे निम्मी बाळंतपणे सिझेरियनने होतात. ती कमी करण्यासाठी २०१४ च्या आरोग्य सुधारणा योजनेत सरकारी रुग्णालयांतली नैसर्गिक प्रसूती मोफत करण्यात आली. अशा धोरणाची भिस्त प्रसाविकांवरच असते.

प्रशिक्षणात काही आठवडे गटाने बसून बोलणे, प्रार्थना, क्षमा, कृतज्ञता, शांत बसणे असे घटक असतात. आधी आणि नंतर ताण मोजून तो प्रशिक्षण न घेतलेल्या गटाशी ताडून पाहतात. ताण उतरल्याचे अनेक अभ्यास सांगतात. मात्र गट लहान असतात आणि पाठपुरावा थोड्या काळाचा. शिवाय आपल्याला प्रशिक्षण मिळाले आहे हे उत्तर देणारीला ठाऊकच असते. मन मोकळे करायला सोबतिणी मिळाल्या, याचाही वाटा मोठा असावा.

ताणाचे मूळ केवळ मनात नसते, कामाच्या रचनेतही असते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने कामावरचा ताण तपासण्यासाठी ३५ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ती सात गोष्टी विचारते: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा आधार, सहकाऱ्यांचा आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. यांतली बहुतेक सूत्रे व्यवस्थापनाच्या हाती असतात. म्हणून या प्रशिक्षणाकडे पुरेशा मनुष्यबळाला पर्याय म्हणून पाहणे अन्यायाचे ठरते. सत्रे कामाच्या वेळातच घ्यावीत आणि तेवढा वेळ कक्षात बदली प्रसाविका द्यावी; रात्रपाळी उरकून आलेलीला सक्तीने बसवले, तर तिच्या बोज्यात भरच पडते.