वेम्बलीच्या पायऱ्यांवर

1966, फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. आज तुमचं वय बारा. वडिलांच्या कोटाची बाही घट्ट धरा. या गर्दीत बोट सुटतं. लंडनच्या वेम्बली स्टेडियमच्या दोन पांढऱ्या मनोऱ्यांकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून गेलाय. मघाशी सर येऊन गेली, आता ऊन. ओली लोकर, बिअर, वुडबाइन सिगारेटचा धूर, सगळे वास एकदम. कुणीतरी कानाशीच लाकडी रॅटल गरागरा फिरवतो आणि दात शिवशिवतात.

आत आपल्या तिकिटावर खुर्ची नाही. सिमेंटच्या पायऱ्यांवर उभं राहायचं. गर्दी पुढे झुकली की झुकायचं, मागे सरली की सरायचं. समोर नुसत्या पाठी. छपराखाली भिजलेले कोट वाळताहेत, त्यांचा दमट वाफारा नाकात बसतो. शेवटी वडील काखेत हात घालून उचलतात आणि अचानक हिरवंगार मैदान दिसतं! शेजारचे टोपीवाले आजोबा इथलाच 1923 चा सामना सांगताहेत: माणसं मैदानात घुसली होती, पांढऱ्या घोड्यावरच्या पोलिसाने त्यांना मागे सारलं. आजोबा तुम्हाला फार म्हातारे वाटतात.

आता झेंडे पाहा. जिकडेतिकडे युनियन जॅक. स्पर्धेचं शुभंकर म्हणजे सिंह विली, त्याच्याही अंगात तोच. खेळतोय इंग्लंड आणि फडकतोय अख्ख्या ब्रिटनचा झेंडा. इथे कुणालाच ते खटकत नाही. स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डेनिस लॉ याला मात्र हा सामना बघवणार नाही. तो गोल्फ खेळायला गेलाय.

सामना संपत आलेला असताना पश्चिम जर्मनी बरोबरी करते. भोवतालचा आवाज एकदम बसतो. मग जादा वेळ. इंग्लंडच्या हर्स्टचा फटका, चेंडू आडव्या दांडीला लागून खाली. आत की बाहेर? पंच लाइन्समनकडे धावतो. वडिलांची बोटं तुमच्या फासळ्यांत रुततात. गोल! कुणाची तरी दाढी गालाला खरखरीत घासते, बिअर मानेवरून ओघळते, अनोळखी माणूस तुमचा पापा घेतो.

डोळे मिटा, उघडा. 1996. तेच वेम्बली, पण आता सगळीकडे खुर्च्या. वडील नाहीत. शेजारी तुमचा मुलगा, पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यावर इंग्लंडचा लाल क्रॉस. समोर स्कॉटलंड, म्हणून आज युनियन जॅक शोधावा लागतो. इंग्लंडचा गॅस्कॉइन गोल मारतो. मुलगा ताडकन उठतो, तुम्ही गुडघ्यावर हात टेकून. आपण इंग्लिश, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तुम्हाला ते चाळिशीनंतर उमगतंय. मला हा बदल प्रामाणिक वाटतो. शेजाऱ्यांना त्यांचा झेंडा असेल, तर इंग्लंडलाही आपला हवाच.

1966 ची ती पोरं आता सत्तरी ओलांडून गेलीत. कधी लंडनच्या बसमध्ये त्यांपैकी कुणी शेजारी बसलं, तर स्कोअर विचारू नका. 4-2 हे सगळ्यांनाच पाठ आहे. त्या दुपारी तुमच्यासोबत कोण होतं, एवढं विचारा आणि ऐकायला वेळ ठेवा.