खाडीकाठची तार : १५०० ते २५,००० व्होल्ट

#थ्रेड

१/ जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहिले की वसईच्या खाडीवरचा रेल्वे पूल दिसतो. रुळांवरच्या तारेवर पक्षी निर्धास्त बसतो. लोकलच्या टपावर चढलेला माणूस मात्र त्याच तारेमुळे क्षणात प्राणास मुकतो. या भेदाचे मूळ 'विद्युत विभव' या संकल्पनेत आहे.

२/ नॉटिंगहॅमचा गिरणीवाला जॉर्ज ग्रीन याने १८२८ मध्ये विजेच्या गणितावर निबंध छापला आणि 'विभव' हे नाव रूढ केले. एकक प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यास लागणारे कार्य म्हणजे त्या दोन बिंदूंमधील विभवांतर.

३/ भाईंदरच्या मिठागरांत हेच तत्त्व पाण्याच्या रूपाने दिसते. एका वाफ्यात पाणी समपातळीत असते, म्हणून ते स्थिर राहते. बांध फोडून खालच्या वाफ्याकडे वाट दिली, की ते धावते. वाहण्यासाठी उंची पुरेशी नसते. उंचीतला फरक लागतो.

४/ ज्या पृष्ठभागावर विभव सर्वत्र समान, तो समविभव पृष्ठभाग. त्यावर प्रभार हलवण्यास कार्य लागत नाही. पक्ष्याचे दोन्ही पाय जवळजवळ समान विभवावर असतात. म्हणून त्याच्या देहातून नगण्य प्रवाह जातो.

५/ मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. पश्चिमेकडे ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज पोहोचली. भाईंदरवरून जाणाऱ्या तारेचा दाब १५०० व्होल्ट होता, एकदिश प्रवाहाचा.

६/ १५०० व्होल्टवर एक कूलोम प्रभार १५०० जूल कार्य करतो. २५,००० व्होल्टवर २५,००० जूल. ढोबळमानाने १५ लाख वॅट शक्तीसाठी पहिल्या तारेत १००० अँपिअर लागतात, दुसरीत केवळ ६०. तारेतील उष्णतेचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने तो समान तारेत सुमारे २७८ पट घटतो.

७/ गाड्या लांबल्या, फेऱ्या वाढल्या, तशी जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार हा संपूर्ण उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आला.

८/ वीज वाचली, पण टपावरचा धोका वाढला. १५०० व्होल्टची तारही जीवघेणीच होती. २५,००० व्होल्टला तर स्पर्शाचीही गरज उरली नाही. पुरेसे जवळ आलेल्या देहाकडे ठिणगी हवेतून झेप घेते. डब्याचे टप रुळांमार्फत जमिनीशी जोडलेले असते, म्हणजे शून्य विभवावर. टपावरचा माणूस त्या दोन विभवांच्या मधोमध उभा असतो.

९/ म्हणूनच चालू तारेपासून दोन मीटर दूर राहण्याचा नियम रेल्वे कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. तार दिसायला पूर्वीसारखीच आहे; बदलले आहे ते तिचे विभव, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.