विश्वासाचें दार

घरच्या संगणकांपुढें फायरवॉल उभी केली कीं जुन्या एफटीपीनें फाइली आणणें अडतें, आणि त्रासलेला गृहस्थ सारी भिंतच पाडावयास निघतो. या तंट्याचें मूळ इतिहासांत आहे, असें आम्हांस वाटतें.

एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनीं १९७१ च्या एप्रिलांत प्रसिद्ध केला. कानपूरच्या आयआयटीचे हे पदवीधर तेव्हां अमेरिकेंत एमआयटींत होते. संगणकांचें जाळें त्या काळीं लहान होतें; परक्याचें भय कोणास नव्हतें. १९८५ च्या सुधारलेल्या नियमांतही तीच वृत्ति दिसते. मागणी सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या दारीं करावयाची. फाइल मात्र सर्व्हरनें आपण होऊन दुसऱ्या वाटेनें मागणाऱ्याच्या घरीं पोंचवावयाची. फायरवॉल या पाहुण्यास चोर समजते.

१९९४ सालीं स्टीव्हन बेलोविन यांनीं सुचविलें कीं, नियमांत आधींच असलेली ‘पॅसिव्ह’ रीत वापरून दोन्ही वाटा मागणाऱ्यानेंच उघडाव्या. दुसरा उपाय प्रॉक्सीचा. ओपनबीएसडीमधील एफटीपी-प्रॉक्सी हा मध्यस्थ उभयतांचें बोलणें ऐकतो, आणि ठरलेल्या फाइलीपुरतेंच दार उघडतो. बोलणें सांकेतिक लिपींत असल्यास मात्र त्याचा इलाज चालत नाहीं.

विश्वासावर रचलेली रीत संशयाच्या युगांत चालवावयाची, तर भिंत पाडूं नये. दारीं जाणता द्वारपाल ठेवावा.