खोली कालच दिली

बेळगावात आमच्या माडीवर एक खोली आहे. काही वर्षांपूर्वी ईशान्येकडची एक विद्यार्थिनी ती बघायला आली. घरात मांस-मच्छी चालत नाही, हे मी आधीच सांगितलं. तिची काही हरकत नव्हती, ती मेसलाच जेवायची. तरी तिचं गाव ऐकल्यावर मी म्हणाले, "खोली कालच दिली." खोली रिकामीच होती.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग यांच्यासोबत 'जन्मस्थान' हाही शब्द आहे. या कारणांवरून सरकारला भेदभाव करता येत नाही. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, घाट, रस्ते इथंही कुणाला अडवता येत नाही. अनुच्छेद १९ नं देशात कुठंही राहायचा हक्क दिलाय. पण अनुच्छेद १५ च्या त्या यादीत भाड्याचं घर नाही. २००५ साली तर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला.

अमेरिकेत घराच्या कागदपत्रांतच 'काळ्यांना विकू नये' अशी अट घालत. सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात, १९४८ साली, न्यायालयांनी अशी अट अमलात आणू नये असं ठरलं. घरमालक मात्र मोकळेच राहिले. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला घरांच्या कायद्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. १९७४ मध्ये बायकांनाही ते संरक्षण मिळालं. पण मालक स्वतः राहतो अशा, चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला त्यात बरीच सूट आहे. म्हणजे माझ्यासारखी मालकीण तिथंही बहुधा सुटलीच असती!

आपली मुलं बाहेर शिकायला जातात. पुण्यात त्यांना कानडी म्हणतात, बेंगळुरूत मराठी. घरमालकानं नाही म्हटलं की आपल्याला किती लागतं!

आणि माझं सत्याणुव्रत? त्या मुलीला खोली नाकारली ती नाकारलीच, वर खोटंही बोलले. स्वयंपाकघराचा नियम तिनं मान्य केला होता. आडवं आलं ते तिचं गाव.

आता भाडं, डिपॉझिट, स्वयंपाकाचा नियम, सगळं मी आधी स्पष्ट सांगते. गावही विचारते, पण किल्ली हातात दिल्यावर.