वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

आपल्याच भूमीत जन्मलेल्या थोर पुरुषाचे चरित्र आपणांस ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय. वसईच्या ख्रिस्ती घराघरांत संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आदराने घेतले जाते. दरवर्षी फेब्रुवारीत त्यांचा सण साजरा होतो. परंतु हा पुरुष जपानात कसा गेला आणि कशासाठी मेला, असे मुलांनी विचारले असता पुष्कळ वडीलधारी मंडळी निरुत्तर होतात. म्हणून ही हकीकत ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने ठेवीत आहे.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी येथे गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज व आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि तरुणपणीच ते त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम अवगत केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र सफल झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार पत्करला. त्यात जम बसला, परंतु मन रमेना. अखेर फिलिपाईन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिसकन संघात धर्मबंधू झाले. धर्मबंधू हा दीक्षित धर्मगुरू नसतो. मिस्सा अर्पण करण्याचा अथवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्याला नसतो. सेवा हेच त्याचे व्रत.

जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्येच परदेशी धर्मप्रचारकांना देश सोडण्याचे फर्मान काढले होते. मात्र त्याची अंमलबजावणी सैल होती. १५९३ साली फिलिपाईन्सच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून त्याच्याकडे पाठविले. सोबत दुभाषी म्हणून गोन्सालो होते. या मंडळींना क्योतो शहरी राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी चर्च बांधले व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ज्यांना कोणी शिवत नसे, त्यांच्या जखमा धुण्याचे हे काम होते.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यातील माल जप्त झाला. स्पेनचा राजा प्रथम धर्मप्रचारक व मागाहून सैन्य धाडतो, अशी बढाई जहाजावरील एका सुकाणूधराने मारली, असे सांगतात. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. कारण काहीही असो, हिदेयोशीचा कोप झाला आणि डिसेंबरात धरपकड सुरू झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेले. निघताना ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत सहा फ्रान्सिसकन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक भाविक होते. लुईस नावाचा मुलगा अवघ्या बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले.

१६२७ साली आठवे अर्बन पोप यांनी या सव्वीस जणांना धन्य म्हणून घोषित केले, व ८ जून १८६२ रोजी नववे पायस पोप यांनी त्यांना संतपद दिले. येथे धर्मशिक्षणाचा एक मुद्दा ध्यानी घ्यावा. आराधना केवळ परमेश्वराची. संतांचा आपण सन्मान करतो आणि त्यांची मध्यस्थी मागतो. तसेच मरण ओढवून घेणे म्हणजे रक्तसाक्ष्य नव्हे. श्रद्धा न सोडता, मारणाऱ्याला क्षमा करून, आलेले मरण पत्करणे हे रक्तसाक्ष्य होय.

या रक्ताचे फळ काय? १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. पुढे धर्मगुरूही उरले नाहीत. तरी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये – जे याच सव्वीस जणांना अर्पण केलेले आहे – उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी विचारले. दोनशेहून अधिक वर्षे आईबापांनी मुलांना गुपचूप बाप्तिस्मा देऊन व प्रार्थना शिकवून श्रद्धा जतन केली होती. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले.

वसईवरही १७३९ साली सत्तांतर झाले. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर युरोपीय धर्मगुरू निघून गेले. देशी धर्मगुरूंनी भाविकांचा सांभाळ केला. जपानसारखा छळ येथे झाला नाही, हे खरे. तथापि संध्याकाळची जपमाळ घराच्या ओटीवरच टिकली. राज्ये आली आणि गेली. आईने मुलाला शिकविलेली प्रार्थना राहिली.

आता एक गोष्ट नम्रपणे सांगतो. ही स्मरणिका ज्ञातीची आहे आणि ज्ञातीचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. परंतु संत गोन्सालो एका ज्ञातीचे म्हणता येत नाहीत. दोन वंशांच्या पोटी ते जन्मले, परक्यांची भाषा बोलले, परक्या रोग्यांची सेवा केली आणि परक्या भूमीत, परक्या बांधवांच्या रांगेत मेले. त्यांच्यावर आपला हक्क सांगावयाचा असेल, तर तो वंशावळीने नव्हे, आचरणानेच सांगता येईल. संध्याकाळी घरात दहा मिनिटे सर्वांनी एकत्र प्रार्थनेस बसावे आणि दारी आलेल्या दुःखितास, त्याची ज्ञात न विचारता, हात द्यावा. सणाच्या दिवशी लावलेल्या मेणबत्तीस मग खरा अर्थ येईल.